साइडबोर्डचं जुनं व्हिनियर: किती काढलं, किती राखलं

ही हकिगत माझ्या कार्यशाळेत आलेल्या एका साइडबोर्डची, म्हणजे खण आणि दारं असलेल्या बैठ्या कपाटाची आहे. मालकिणीची ओळख कळेल असे तपशील बदलले आहेत. काम, क्रम आणि चुका मात्र जशा घडल्या तशाच लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

दादर पूर्वेला हिंदमाताच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर काकूंचं घर होतं. इमारत पुनर्विकासाला गेली आणि जूनअखेर घर रिकामं करायचं ठरलं. भाड्याच्या घरात अर्धं सामान मावणार नव्हतं. मुलाचं म्हणणं, साइडबोर्ड देऊन टाकावा. काकूंना तो काही केल्या द्यायचा नव्हता. १९४०च्या सुमारास सासूबाईंच्या लग्नात तो आला होता आणि घरातला देव्हारा कायम त्याच्यावरच असे.

पाच फूट लांब, दीड फूट खोल. मधे तीन खण, दोन्ही बाजूंना बाहेरच्या कडेला गोलाई घेतलेली दारं. पितळी मुठी. १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं होतं. त्या काळात ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह, माटुंगा, शिवाजी पार्क इथे ज्या गोल कडांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या घरांना शोभेल असंच हे फर्निचर. आतला सांगाडा सागाचा आणि दर्शनी बाजूंना अक्रोडाचं व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेलं लाकडाचं पातळ पान. दारांवर एकाच ओंडक्यातली लागोपाठची दोन पानं पुस्तक उघडावं तशी जोडलेली, म्हणजे डावीकडच्या रेषांचं प्रतिबिंब उजवीकडे. ही जोडणी ज्याने केली, तो माणूस हात बसलेला होता. एक पान गेलं की दुसऱ्याचा अर्थच जातो, हे या कामात शेवटपर्यंत डोक्यात ठेवावं लागलं.

अडचण

वरच्या फळीवर केव्हातरी, काकूंच्या आठवणीप्रमाणे १९७५च्या आसपास, सनमायका लावला होता. त्याच्या कडा उचकटल्या होत्या. दारांवर ठिकठिकाणी व्हिनियर फुगलेलं. नखाने टकटक केली की भरीव लाकडाचा आवाज वेगळा आणि पोकळीचा वेगळा येतो. तसा पोकळ आवाज जिथे आला तिथे खडूने खुणा केल्या, तर उजव्या दारावर सहा आणि डाव्या दारावर चार गोल निघाले. दोन्ही दारांचा खालचा भाग लाटांसारखा झाला होता, त्यावर काळपट डाग होते आणि डाव्या दाराची खालची कड सुटून पापडासारखी वळली होती.

काकूंनी आम्हाला बोलावण्याआधी ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातल्या एकाला विचारलं होतं. त्याचा सल्ला असा: सगळं जुनं व्हिनियर पटाशीने खरवडून काढा, फेविकॉलने नवीन शीट मारा, पॉलिश करा, चार दिवसांत घरी. बाजारात हे रोज होतं आणि ग्राहक खूशही असतात. म्हणून या पर्यायाचा विचार आम्ही टाळला नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय हाच, सगळं काढून नवं लावायचा. यातली अडचण जाडीची. आज आपल्याकडे दुकानात मिळणारं व्हिनियर बहुतेक वेळा आठ बाय चार फुटांच्या, जेमतेम चार मिलिमीटर जाडीच्या प्लायवर आधीच चिकटवलेलं असतं. आमच्या साइडबोर्डचं जुनं पान कॅलिपरने मोजलं तर ०.९ मिलिमीटर भरलं. एवढंसं पान काढून तिथे चार मिलिमीटरची शीट बसवली की दार चौकटीत अडकतं, खणांच्या कडा पुढे येतात, मुठी आत रुततात. मग सुतार दाराचं मूळ लाकूड रंध्याने उतरवतो, आणि तिथून परतीची वाट उरत नाही. शिवाय प्लायची शीट या गोलाईवर वळत नाही.

दुसरा पर्याय, काहीच काढायचं नाही. फुगे दाबून बसवायचे, कड चिकटवायची, सनमायका तसाच ठेवायचा. स्वस्त आणि बिनधोक. पण वरची फळी हाताने दाबली की करकरायची. सनमायकाच्या खाली काहीतरी सुटलेलं होतं, आणि ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

तिसरा, सुटलेलं तेवढं काढायचं, धरलेलं ठेवायचं. ऐकायला हाच शहाणपणाचा वाटतो. पण ‘सुटलेलं’ आणि ‘धरलेलं’ यांच्यातली सीमा कुठे, हे कळायला आत कोणता गोंद आहे ते आधी कळावं लागतं. त्या काळी व्हिनियर बसवत ते सरसाने. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला हा गोंद ऊब आणि ओल मिळाली की मऊ होतो, आणि थंड होऊन वाळला की पुन्हा धरतो. ऐंशी वर्षांनीही. म्हणूनच सरसाने बसवलेलं पान न फाडता काढता येतं. पांढऱ्या फेविकॉलचं तसं नाही. तो उष्णतेने ढिला पडतो, पण नीट सुटत नाही, रबरासारखा ताणतो आणि आपल्याबरोबर लाकडाचे तंतू ओढून आणतो.

काकूंशी बोलून तिसरा पर्याय घेतला.

आणखी एक निर्णय होता, आणि त्याला आम्ही निर्णय मानलंच नाही. काम सुरू केव्हा करायचं? घर जूनअखेर रिकामं करायचं होतं, म्हणून साइडबोर्ड जूनअखेर लालबागला कार्यशाळेत आला, आणि आला म्हणून काम जुलैत सुरू झालं. तो नुसता झाकून ठेवून ऑक्टोबरपर्यंत थांबता आलं असतं. काकूंना घाई नव्हती. आलेल्या वस्तूला लगेच हात घालायचा, या सवयीपुढे हे सुचलंच नाही.

वरची फळी

गरम हवेच्या गनने सनमायका हळूहळू तापवला आणि रुंद पात्याने उचलला. खालचा पिवळट रबरी गोंद मऊ झाला आणि अख्खी शीट तासाभरात निघाली. खालचं दृश्य वाईट होतं. नवा गोंद धरावा म्हणून त्या वेळच्या कारागिराने अक्रोडावर पटाशीने आडवे-तिरपे चरे ओढले होते, काही ठिकाणी सागापर्यंत. वर रबरी गोंद रेषांत मुरलेला. आणि करकरण्याचं कारणही सापडलं. फळी सागाच्या तीन पाट्यांची होती, त्यांतला एक सांधा दोन मिलिमीटर उघडला होता आणि त्याच्या वरचं व्हिनियर त्याच रेषेत फाटलं होतं. अखंड लाकूड ऋतूप्रमाणे आडवं फुगतं आणि आकसतं. वरचं पातळ पान ते किती काळ सोसणार?

इथे मिस्त्रीकाका आणि मी, आमचे दोन तास गेले. मिस्त्रीकाका सावंतवाडीकडचे, पन्नास वर्षं हातात पटाशी. मला चरे भरून घेऊन पान वाचवायचं होतं. त्यांचं म्हणणं, खालचा सांधा जोडायचा तर वरचं पान काढावंच लागणार, आणि गोंद मुरलेल्या लाकडावर पॉलिश कधीच एकसारखं चढणार नाही. ते बरोबर होते. वरचं व्हिनियर पूर्ण काढायचं ठरलं.

क्रम असा. थिनरने रबरी गोंदाचा थर पुसला (दारं-खिडक्या उघड्या, तोंडाला फिल्टरचा मास्क, जवळ कुठेही आग नाही). मागच्या कडेला, आरसा जिच्यावर उभा असे त्या लाकडी पट्टीजवळ, जुनं लाखेचं पॉलिश शिल्लक होतं, ते स्पिरिटने काढलं. ते राहिलं तर वाफ आत जात नाही आणि इस्त्रीच्या उष्णतेने लाख फडक्याला चिकटते. मग ओलं करून पिळलेलं सुती फडकं, त्यावर मध्यम तापलेली इस्त्री, एका वेळी सहा इंचांचा पट्टा. वाफ आत शिरायला दोन-तीन मिनिटं द्यायची आणि मग कडेने पातळ, बोथट पातं आडवं सरकवायचं. आमचं पातं म्हणजे घासून पातळ केलेलं स्टीलचं उलथनं. ते न गंजणाऱ्या स्टीलचंच हवं. साधं लोखंड ओल्या अक्रोडाला किंवा सागाला लागलं की लाकडातल्या टॅनिनमुळे निळसर काळा डाग पडतो. पातं नेहमी रेषांच्या दिशेने आणि लाकडाला टेकलेलं. ओल्या चामड्यासारखा वास आला की समजावं, सरस जागा झाला.

दुपारपर्यंत लांबच लांब पट्ट्या सुटल्या. चरे पडलेल्या पट्ट्यांचा उपयोग नव्हता. पण आरशाच्या लाकडी पट्टीखाली तीन इंच रुंद आणि जवळपास फळीभर लांब भाग कुणाचाही हात न लागलेला मिळाला. तो कोमट पाण्याने पुसला, वर्तमानपत्रांत गुंडाळून दोन प्लायच्या मधे वजनाखाली ठेवला आणि आठवडाभर रोज कागद बदलले. मोकळं ठेवलं असतं तर पान वाळताना गुंडाळलं गेलं असतं. तेव्हा तो पट्टा केवळ सवयीने जपला. पुढे सगळं त्याच्यावर अडणार होतं.

मग एक चूक झाली. उरलेला सरस काढायला मी फळीची वरची बाजू एका दमात गरम पाण्याने धुतली. सकाळी फळी होडीसारखी वळलेली. ओल एकाच बाजूने प्यायली होती आणि हवेत जुलैचा दमटपणा, त्यामुळे ती वाळायलाही तयार नव्हती. मिस्त्रीकाकांनी खालची बाजूही हलकी ओली केली, दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या ठेवून शिकंज्यात कसली आणि दररोज थोडी थोडी सैल केली. तीन आठवड्यांनी ती सरळ झाली.

डावं दार

उजव्या दारावरचे फुगे सोपे गेले. प्रत्येक फुग्यावर रेषेच्या दिशेने ब्लेडने बारीक चीर, सुईने कोमट पाण्याचे दोन थेंब, वर बटर पेपर आणि कापडी पिशवीत भरलेली गरम वाळू. गोलाईवर फळी दाबता येत नाही, वाळू मात्र अंग धरते. सहापैकी चार फुगे जुन्याच सरसावर बसले, नवा गोंद घालावा लागला नाही.

त्या यशाने मी निर्धास्त झालो. डाव्या दाराची सुटलेली खालची कड काढून परत बसवायची, म्हणून वरच्या बाजूच्या एका फुग्यापासून इस्त्री आणि पातं घेऊन खाली यायला लागलो. पान छान सुटत आलं. जमिनीपासून साधारण चौदा इंचांवर पातं थांबलं. वाटलं, वाफ कमी पडली. पुन्हा फडकं, पुन्हा इस्त्री, पुन्हा पातं. मिस्त्रीकाका बाजूला होते. म्हणाले, “घाई करू नको. पान फाटलां तर जुळूचां नाय.” मी जोर लावला. तळहाताएवढा तुकडा फाटला, आणि त्याच्या मागे सागाचे तंतू चिकटून आले. पुस्तकासारख्या जोडलेल्या पानांतला तुकडा.

काम थांबवलं. फाटलेल्या जागेत कोमट पाण्याचा थेंब टाकून पाच मिनिटांनी बोट फिरवलं. सरस असता तर चिकट तार आली असती. इथे पांढरट, दुधासारखी साय आली. फेविकॉल.

त्या संध्याकाळी काकूंना फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. या दाराची आधी दुरुस्ती झाली होती का, असं विचारलं. काकू म्हणाल्या, “अहो, २६ जुलैच्या पुरात ते पाण्यात नव्हतं का उभं? रात्रभर. नंतर आमच्या सुताराने खालून चिकटवून दिलं होतं.”

२००५चा तो दिवस मुंबईत कुणाला सांगावा लागत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि हिंदमाताचा परिसर तर तेव्हा साध्या पावसातही भरायचा. पाणी जिथपर्यंत चढलं, तिथपर्यंतचा सरस सुटला. जिथपर्यंत सरस सुटला, तिथपर्यंत सुताराने फेविकॉल लावला. चौदा इंचांवरची ती अदृश्य रेषा पुराची होती. काळपट डागांचा उलगडाही झाला. पान धरून ठेवायला तेव्हा मारलेल्या बारीक लोखंडी चुका, म्हणजे छोटे खिळे, आतच गंजल्या होत्या.

सुतारावर माझा राग नाही. पुरानंतरच्या त्या आठवड्यात त्याने हाताशी होतं त्याने दार वाचवलं, म्हणून ते माझ्यापर्यंत आलं.

पुढे काय केलं

पहिला प्रश्न, उरलेलं फेविकॉलवालं पान काढायचं का? मूळ बेत पूर्ण खालचा फूटभर भाग काढायचा होता. आता नखाने पुन्हा ठोकून पाहिलं, तर त्यातला दोन तृतीयांश भाग घट्ट होता. मिस्त्रीकाका म्हणाले, जे धरलंय ते सोडवायचं कशाला? फक्त लाटा आलेली कड आणि फाटक्या जागेभोवतीचा भाग काढायचं ठरलं. वाफ बंद. कोरडी, कमी उष्णता, आणि कडेला व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस प्लास्टिकखाली वीस मिनिटं. एका वेळी एक इंच. त्या छोट्या भागाला चार दिवस लागले. लोखंडी चुका एकेक करून उपटल्या, डागांवर ऑक्झॅलिक ॲसिडचं सौम्य द्रावण ब्रशने लावलं आणि नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून घेतलं. डाग पूर्ण गेले नाहीत, फिके झाले.

फाटलेल्या जागेसाठी तो तीन इंचांचा पट्टा कामी आला. तेच झाड, तीच जाडी. बाजारातलं सुटं पान अर्ध्या मिलिमीटरचं, ते खाली बसलं असतं. रेषा जुळणारा तुकडा शोधायला अर्धा दिवस गेला. त्याच्या कडा आम्ही सरळ न कापता रेषांच्या ओघाने नागमोडी कापल्या, कारण डोळा सरळ जोड लगेच पकडतो. रंगाची अडचण उरलीच. अक्रोड उजेडाने फिका होतो. दार ऐंशी वर्षं उजेडात, पट्टा आरशाखाली अंधारात. तुकडा गडद, चॉकलेटी दिसत होता. दार गडद करायचं नव्हतं, म्हणून तुकडा बसवण्याआधी गच्चीवर काचेखाली उन्हात ठेवायचा होता. पण ऑगस्टात ऊन कुठलं? इथेही ऑक्टोबरचीच वाट पाहावी लागली.

दुसरा प्रश्न गोंदाचा, आणि तो काकूंनीच काढला. नवा सरस कशाचा असतो, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या गप्प झाल्या. वर देव्हारा बसणार होता. दुसऱ्या गोंदाचाही पर्याय आहे, हे मी त्यांच्यापुढे ठेवलं. सरसाच्या बाजूने माझं म्हणणं एवढंच होतं की जुन्या सरसावर नवा सरस एकजीव होतो आणि पुढच्या कारागिराला ते पान न फाडता काढता येतं. फेविकॉल सरसाच्या अवशेषावर नीट धरत नाही. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला: “सासूबाईंनी इतकी वर्षं त्याच सरसावर समई ठेवली. तुम्ही सरसच वापरा.” त्यांनी नाही म्हटलं असतं तरी मी ते मानलं असतं. वस्तू त्यांची, घर त्यांचं.

सरसाचे दाणे रात्रभर थंड पाण्यात भिजवले आणि पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून साठ अंशांच्या आसपास गरम केले. उकळला की त्याची ताकद जाते. मुंबईत तो दोन दिवसांत वास मारतो, म्हणून लागेल तेवढाच करायचा.

वरच्या फळीचा सांधा ऑगस्टात जोडला, पण पान लावलं नाही. ओलावामापक सतरा-अठरा टक्के दाखवत होता. ऑक्टोबरच्या अखेरीस तो बारावर आला, तेव्हा अक्रोडाचं नवं सुटं पान सरसाने बसवलं. वरची बाजू पूर्ण नवी असल्याने तिथे जाडीचा प्रश्न नव्हता. खालच्या बाजूलाही साधं सागाचं पान लावलं, म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा राहतो आणि फळी पुन्हा वळत नाही. ते मूळ रचनेत नव्हतं. ही भर आम्ही घातली आणि तशी चिठ्ठी फळीच्या खाली चिकटवली. डाव्या दारात फेविकॉल कुठे शिल्लक आहे, त्याचा नकाशाही दाराच्या आत लावला आहे. लाखेचं पॉलिश नोव्हेंबरात. पावसाळ्यात केलं असतं तर ते पांढरं पडलं असतं.

काय वेगळं करता आलं असतं

पाण्याच्या थेंबाची चाचणी मी वरच्या फळीवर केली होती आणि एका जागेचा निकाल सगळ्या फर्निचरला लावला. चाचणी पाच मिनिटांची असते. प्रत्येक दार, प्रत्येक दाराची वरची आणि खालची बाजू, प्रत्येक खण असं दहा-बारा ठिकाणी ती केली असती तर पुराची रेषा खडूनेच आखली गेली असती. त्याहून आधी काकूंना विचारायला हवं होतं. मी लग्न, वर्ष, लाकूड विचारलं. ‘हे कधी पाण्यात होतं का’ हे विचारलं नाही. आता आमच्या नोंदवहीत तो पहिला प्रश्न आहे, आणि लालबाग-परळ-दादरच्या तळमजल्यांवरून आलेल्या वस्तूंना आम्ही तो दोनदा विचारतो.

पातं अडलं तेव्हा थांबायला हवं होतं. वाफ पुरेशी असूनही पान सुटत नाही, याचा अर्थ गोंद बदलला असा होऊ शकतो, हे मला माहीत होतं. उजव्या दाराच्या यशाने ते विसरलो.

वरचं व्हिनियर पूर्ण काढण्याबद्दल मात्र मला आजही पूर्ण खात्री नाही. मधला सांधा पट्टी कापून जोडता आला असता आणि चरे पडलेलं पान त्याच्या इतिहासासकट ठेवता आलं असतं. आमच्या ओळखीच्या एका संग्रहालयातल्या बाईंनी तेच सुचवलं असतं. पण ही संग्रहालयाची वस्तू नव्हती, तिच्यावर रोज दिवा लागणार होता. आणि ते पान काढलं नसतं तर दारासाठी तुकडाही मिळाला नसता.

निष्पत्ती

साइडबोर्ड डिसेंबरात काकूंच्या भाड्याच्या घरी गेला. चार दिवसांचं म्हटलेलं काम साडेपाच महिने चाललं. डाव्या दारावरचा तुकडा उन्हाने बराच उतरला, तरी सकाळच्या तिरप्या उजेडात त्याची कड दिसते. काकूंना मी ती बोटाने दाखवली, म्हणजे नंतर सापडून वाईट वाटायला नको. त्यांनी त्या जागेवरून हात फिरवला आणि विचारलं, पाणी इथपर्यंत आलं होतं का. हो, म्हटलं, याच्या चार बोटं वर.

पहिल्या पावसाळ्यानंतर मी जाऊन सगळी दारं पुन्हा नखाने ठोकून आलो. उजव्या दारावरच्या एका फुग्याचा आवाज किंचित पोकळ येतो. तो सरसावर बसवलेल्या जागी आहे, त्यामुळे वाळूची पिशवी घेऊन जाऊन तिथेच बसवता येईल. जानेवारीत हवा कोरडी असताना जायचं ठरलं आहे.